रफियन हरली नव्हती: घोडी विरुद्ध घोडा, मॅच रेस आणि बाकीची भांडणं

रेसकोर्स_नाका

मंडळी, बैलगाडी शर्यतीच्या धाग्यावर परवा गाडी रुळावरनं घसरली आणि दोघातिघांनी लिहून टाकलं की घोडी शेवटी घोडीच, घोड्यापुढं टिकत नाही, आणि पुरावा काय तर रफियन. तिकडं ॲडमिन ओरडायला लागलेत म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रफियन अमेरिकेतली घोडी, रंग इतका गडद की लांबनं काळीच दिसायची. दहा रेस पळाली, दहाच्या दहा जिंकली, आणि त्यात एकदाही कुणाला पुढं जाऊ दिलं नाही, गेट उघडल्यापासून शेवटपर्यंत हीच पुढं. न्यूयॉर्कला तीन वर्षांच्या फिलींची (फिली म्हणजे तरणी घोडी) तिहेरी मालिका असायची, एकॉर्न, मदर गूज आणि कोचिंग क्लब अमेरिकन ओक्स, ती पण घेतली. त्याच साली केंटकी डर्बी, म्हणजे तिथली सगळ्यात नावाजलेली रेस, मारलेला कोल्ट (तरणा घोडा) म्हणजे फूलिश प्लेझर. ६ जुलै १९७५ ला बेलमाँट पार्कवर दोघांची सव्वा मैलाची मॅच रेस लावली. मैदानात पन्नास हजार माणूस, टीव्हीवर दोन कोटींच्या आसपास. गंमत म्हणजे दोघांचा जॉकी एकच, हासिंतो व्हास्केझ. आता एकाच वेळी दोन घोड्यांवर बसता येत नाही, निवडायला लागलं, आणि गड्यानं डर्बी जिंकून दिलेला घोडा सोडून घोडी निवडली. फूलिश प्लेझरवर ब्राउलियो बाएझा बसला.

पहिला पाव मैल २२ सेकंदांच्या जरा वर. अर्धा मैल व्हायच्या आत घोडी अर्ध्या लेंग्थनं (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) पुढं होती आणि तिथंच तिचा उजवा पुढचा पाय मोडला. व्हास्केझनं नंतर सांगितलं की हाड मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. तो तिला थांबवायला बघतोय आणि ही मोडक्या पायावर पळतीय. ऑपरेशन झालं, भूल उतरताना ती पडल्या पडल्याच पाय झाडायला लागली, केलेलं सगळं मोडलं, आणि शेवटी तिला दयामरण द्यावं लागलं.

आता सांगा, यात ती कमी पडली कुठं? पाय मोडला तेव्हा ती पुढं होती. माझं म्हणणं एवढंच की घोडी भारी का घोडा भारी हे मॅच रेसमध्ये कळतच नाही. बघायचंच असेल तर भरल्या मैदानात बघा. घ्या, तुटून पडा.

नाद_खुळा_०९

विषय हार्ड! पण भावा भावनेच्या भरात जाऊ नकोस. पाय मोडला हे पण एक उत्तरच हाय की. घोड्याच्या वेगाला वेग द्यायला गेली, अंगाला झेपलं न्हाई. घोडा तोच वेग घेऊन पुढं एकटा पळत फिनिशपर्यंत गेला न्हवं, त्याला काय झालं?

खुरांचा_डॉक्टर

नाद खुळा, हे असं नसतंय. घोड्याच्या पायात खुराच्या वरच्या सांध्यामागं दोन बारकी हाडं असतात, सेसामॉइड म्हणतात. भरधाव पळताना प्रत्येक ढांगेत एक क्षण असा येतो की चारपाचशे किलोचं सगळं वजन एकाच पायावर असतं, आणि तो सांधा जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत खाली दबतो. तो ताण ही दोन हाडं पेलतात. रफियनची तीच फुटली. नर का मादी याच्याशी त्याचा काय संबंध नाही. २००६ ची केंटकी डर्बी जिंकणारा बार्बारो कोल्टच होता, दोन आठवड्यांनी प्रीकनेस या पुढच्या मोठ्या रेसला सुरुवातीलाच त्याचा मागचा पाय मोडला. तेव्हा कुणी म्हणालं का घोडे नाजूक असतात म्हणून?

रफियनचं घराणंच हाडानं कच्चं होतं. बाप रिव्ह्यूअर स्वतः पायाच्या दुखण्यानं बेजार. त्यात मॅच रेसमध्ये पहिल्या ढांगेपासून दोघं एकमेकांना रेटतात, मध्ये दम खायला जागाच नाही.

आणि भूल उतरताना जे झालं ते सगळ्यात वाईट. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी, शुद्धीवर येतानाच पळायला लागतो. नंतर पेनसिल्व्हेनियात न्यू बोल्टन सेंटरला ऑपरेशननंतर घोड्याला तराफ्यात घालून पाण्याच्या हौदात जागं करायची पद्धत आली, म्हणजे पाय झाडले तरी कशावर आपटत नाहीत. बार्बारोला तसंच जागं केलं होतं. त्यातनं तो उठला पण, पुढं खुराच्या आजारानं जानेवारी २००७ मध्ये गेला.

तांबडा_पांढरा

डॉक्टरांनी जेवणाचा मूड घालवला. असो.

मला नाक्यावरच्या भावाचं पटलं नाही. मॅच रेस म्हणजे खासबागेतली निकाली कुस्ती. दोन पैलवान, मध्ये कोण नाही, पळवाट नाही, एक पडणार एक उभा राहणार. भरल्या मैदानात दहाबारा घोडे, कुणाला जागा मिळत नाही, कुणाला धक्का बसतो, कुणी भलत्याच्याच मागं अडकतो. त्यातनं काय कळणार? सीबिस्किट आणि वॉर ॲडमिरल या दोन घोड्यांचं बघा की, १९३८. अख्खा देश रेडिओला कान लावून बसला होता. एका रेसमध्ये विषय संपला.

रेसकोर्स_नाका

@तांबडा_पांढरा बरं झालं सीबिस्किट काढलास, माझंच काम सोपं केलंस.

कुस्तीत पैलवान एकमेकाला धरतात. रेसमध्ये धरायचं काय? दोनच घोडे असले की ज्यानं पुढची जागा घेतली त्यानं अर्धी रेस मारली, कारण मागच्याला दुसरा कोण वाट काढून देणारा नाही आणि पुढच्याला दमवणारा पण नाही. म्हणून मॅच रेस ही सुटायची रेस असते. वॉर ॲडमिरल सुटायला वीज, १९३७ चा ट्रिपल क्राउनवाला, म्हणजे डर्बी, प्रीकनेस, बेलमाँट तिन्ही मारलेला. सीबिस्किट मागनं येणारा म्हणून प्रसिद्ध. वॉर ॲडमिरलच्या मालकांनी, रिडलनी, स्टार्टिंग गेट नको म्हणून हट्ट धरला, चालत येऊन घंटेवर सुटायचं ठरलं. सगळ्यांना वाटलं झालं काम. आणि सीबिस्किटच्या ट्रेनरनं, टॉम स्मिथनं, काय केलं, तर घंटा मिळवली आणि घंटा वाजली की उडी मारायची एवढंच सीबिस्किटला घोटून घोटून शिकवलं. १ नोव्हेंबर १९३८, पिम्लिको. घंटा वाजली आणि मागनं येणारा घोडाच पुढं! पलीकडच्या सरळ पट्ट्यात वॉर ॲडमिरल बरोबरीला आला, सीबिस्किटवर बसलेल्या जॉर्ज वुल्फनं त्याला येऊ दिलं, डोळ्याला डोळा भिडू दिला, आणि मग सोडला. चार लेंग्थ. पोलार्ड, सीबिस्किटचा नेहमीचा जॉकी, पाय मोडून दवाखान्यात, हा डाव त्यानंच वुल्फला सांगितलेला.

भारीच रेस. मी पन्नास वेळा बघितली तरी अंगावर काटा येतो. पण ती जिंकली कुणी, घोड्यानं का ट्रेनरच्या घंटेनं?

आणि एका रेसमध्ये विषय संपतो म्हणतोस तर १९५५ चं काय? केंटकी डर्बीत स्वॅप्सनं नाशुआला हरवलं. ऑगस्टच्या शेवटी शिकागोला दोघांची मॅच रेस, जॉकी एडी अर्कारोनं नाशुआला गेटमधनं असा काढला की स्वॅप्सला पुढं यायलाच मिळालं नाही, साडेसहा लेंग्थनं नाशुआ. तेच दोन घोडे, चार महिन्यांत दोन निकाल. सांग आता भारी कोण?

नाद_खुळा_०९

हे सगळे घोडेच झाले की राव. घोडीचं बोला.

शिवाजी_पेठ_एक्सप्रेस

घोडीचं मी बोलतो, थांबा.

नाद खुळा दादा, केंटकी डर्बी आत्तापर्यंत तीन घोड्यांनी, म्हणजे घोडींनी, मारलीय. रिग्रेट १९१५, जेन्युइन रिस्क १९८०, विनिंग कलर्स १९८८. तीनच होय म्हणून हसायच्या आधी हे बघा की तिथं उतरतात किती. वर्षानुवर्षं एक पण फिली नसते. वीस घोड्यांत एखादी.

पण माझी सगळ्यात लाडकी २००७ ची बेलमाँट स्टेक्स, दीड मैल. रॅग्ज टू रिचेस. गेटमधनं निघताना ही अडखळली, अक्षरशः नाक मातीला लागायचं बाकी होतं, मला पहिल्यांदा बघताना वाटलं पडलीच. उठली, सावरली, बाहेरनं बाहेरनं आली, आणि शेवटच्या पट्ट्यात आत कर्लिन, बाहेर ही. कर्लिन म्हणजे त्या साली आणि पुढच्या साली असा दोनदा हॉर्स ऑफ द इयर झालेला घोडा, साधासुधा नव्हे. दोघं डोक्याला डोकं लावून पाव मैल. कर्लिन आतनं परत परत जोर लावतोय आणि ही देतच नाही. एका डोक्यानं जिंकली. १९०५ च्या टान्यानंतर बेलमाँट मारणारी पहिली घोडी, १०२ वर्षांनी. मी घरात ओरडलो तशी आई धावत आली, तिला वाटलं गॅसचं काय झालं.

मॅच रेस मॅच रेस काय करताय, तो शेवटचा पाव मैल हीच खरी मॅच रेस.

रेसकोर्स_नाका

ताई 🙏 हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही दोन ओळीत म्हणलात.

नाद_खुळा_०९

ताई रेस भारी, मान्य. पण सवलतीचं कोण बोलणार? घोड्याच्या पाठीवर १२६ पाउंड वजन आणि घोडीच्या १२१. पाच पाउंड म्हणजे सव्वादोन किलो. दीड मैल सव्वादोन किलो कमी घेऊन पळायचं आणि जिंकायचं एका डोक्यानं! ते वजन सारखं असतं तर कर्लिन जिंकला असता, लिहून देतो. रफियनला पण १२१ च होतं आणि घोड्याला १२६.

शिवाजी_पेठ_एक्सप्रेस

आणि अडखळल्याचं वजन किती धरायचं दादा?

तांबडा_पांढरा

😂😂 जाळ अन् धूर संगटच

खुरांचा_डॉक्टर

सवलतीचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही, नाद खुळा बरोबर जागी आलाय. पूर्ण वाढ झालेल्या नरात स्नायू जास्त, हृदय सरासरीनं मोठं, म्हणून ही सवलत जगभर आहे. सरासरीत नर थोडा पुढं, हे मान्य करायला लाजायचं कारण नाही. पण सरासरी पळत नाही, एकेक जनावर पळतं.

हँडिकॅपर, म्हणजे कुणी किती वजन घ्यायचं ते ठरवणाऱ्या लोकांचा अडाखा असा की लांब पल्ल्याला एक लेंग्थ म्हणजे साधारण दीड-दोन पाउंड. पॅरिसच्या आर्क या मोठ्या रेसमध्ये, २४०० मीटर, घोडीला दीड किलो सवलत, म्हणजे सव्वातीन पाउंड, धरा दोन लेंग्थ. आता २०१३ ला ट्रेव्ह पाच लेंग्थनं जिंकली आणि मागं कोण, तर जपानचा ऑर्फेव्हर, तिथला ट्रिपल क्राउनवाला. दोन लेंग्थ सवलतीच्या वजा करा, तरी तीन उरतात. २०११ ला डेनड्रीम, ती पण पाच लेंग्थ. ट्रेव्हनं २०१४ ला परत मारली, एनेबलनं २०१७ आणि २०१८. युरोपात घोड्या आर्कला दरवर्षी उतरतात म्हणून जिंकतात पण. अमेरिकेत उतरवतच नाहीत.

गाडीवान_हातकणंगले

मी तुमच्यासारखं परदेशी बघत न्हाई, आपली घोडागाडीची शर्यत. घोडी हाय माझ्याकडं, सहा वर्षांची. घोड्याबरोबर जुंपली तरी मागं न्हाई सरत. पण एक सांगतो जे वर कुणी लिवलं न्हाई. घोडी माजावर आली की तिचं काय खरं न्हाई. शेपूट वर करती, दर दोन मिनिटाला मुतती, शेजारी घोडा आला की पळायचं सोडून त्याच्याकडं कान लावती. आदल्या दिवशी वाघ, दुसऱ्या दिवशी गाढव. मग आम्ही त्या आठवड्यात गाडीला लावतच न्हाई. घोड्याचं उलटं, शेजारी माजावरची घोडी आली की त्याचं डोस्कं फिरतंय. मग रेसला दोघं शेजारी उभं केल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर होतं हे कोण बघतंय?

खुरांचा_डॉक्टर

@गाडीवान_हातकणंगले शंभर टक्के. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत दर तीन आठवड्यांनी घोडी माजावर येते आणि मोठ्या क्लासिक रेस नेमक्या त्याच दिवसांत. ट्रेनर लोक हे तारखेसकट लिहून ठेवतात.

आप्पा_बावडेकर

पोरांनो, अमेरिका-पॅरिस झालं, आपल्या घरचं कोण सांगणार? महालक्ष्मीला इंडियन डर्बी सुरू झाली १९४३ ला. पहिली डर्बी कुणी मारली? प्रिन्सेस ब्यूटिफुल. बडोद्याच्या महाराजांची घोडी. सुरुवातच घोडीनं झालीय. आणि अलीकडची म्हणाल तर २०१० ची जॅकलीन. पोलादी घोडी. माझ्याबरोबर आलेल्यांनी घोड्यावर पैसे लावले होते, परत येताना गाडीत साताऱ्यापर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही.

आपल्याकडं घोडी डर्बीत उतरवायला मालक लाजत नाहीत हे मी बघितलंय. ओक्स ही फक्त घोड्यांच्या माद्यांची रेस असली तरी डर्बीला आणतात. त्यामुळं पुण्या-मुंबईत जुना रेसवाला घोडी बघून नाक मुरडत नाही. हे नाक मुरडणं टीव्हीवर रेस बघणाऱ्यांचं आहे.

नाद_खुळा_०९

आप्पा माझ्यावर आला काय 😅 यंदा पुण्याच्या सीझनला कोण चालतंय बघा की, दोनचार नावं सांगा.

ॲडमिन

टिप्स मागायच्या नाहीत, द्यायच्या नाहीत. पुढची कमेंट उडेल.

रेसकोर्स_नाका

अमेरिकेत उतरवत नाहीत याचं कारण पैशात आहे. घोडा डर्बी जिंकला की स्टडला जातो, एका सीझनला शंभराच्या वर घोड्या त्याच्याकडं येतात, प्रत्येकीमागं फी. घोडी जिंकली तरी वर्षाला एकच शिंगरू. म्हणजे घोड्याच्या मालकाला घोडीकडनं हरणं परवडत नाही, आणि घोडीच्या मालकाला तिच्या स्वतःच्या ओक्ससारख्या रेसा आहेत, कशाला धोका घेईल? दोघंही एकमेकांना टाळतात, आणि मग लोक म्हणतात घोड्या जिंकत नाहीत.

यावर २००९ बघा. केंटकी ओक्स रेचल अलेक्झांड्रानं २० लेंग्थच्या वर मारली. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानात, त्याच कॅल्व्हिन बोरेलनं माइन दॅट बर्डवर डर्बी मारली, पन्नासला एक भावाचा घोडा. दोन आठवड्यांनी प्रीकनेस. दोन्ही घोडे त्यात. बोरेलनं डर्बी जिंकून दिलेला घोडा सोडला आणि घोडीवर बसला. आणि जिंकला, एका लेंग्थनं, दुसरा कोण तर माइन दॅट बर्ड! १९२४ नंतर प्रीकनेस जिंकणारी पहिली घोडी.

आता हे व्हास्केझच्या शेजारी ठेवा. चौतीस वर्षांच्या अंतरानं दोन जॉकी, दोघांच्या हातात डर्बीचा घोडा, दोघांनी स्वतःच्या मर्जीनं तो सोडून घोडी घेतली. जो पाठीवर बसतो त्याला लगामात काय येतंय ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. मला याच्यापुढं मॅच रेसचा निकाल नको.

तांबडा_पांढरा

हा मुद्दा चढला. पण मग त्याच साली झेन्याटा होती, ब्रीडर्स कप क्लासिक ही मोठी रेस मारली, घोड्यांना शेवटून पहिल्यापर्यंत ओलांडत. रेचल आणि झेन्याटा एकदा पण समोरासमोर आल्या नाहीत. लोक तडफडले. इथं तरी मॅच रेस पाहिजे होती का नको?

रेसकोर्स_नाका

नको. रेचल पुढनं पळणारी, झेन्याटा शेवटून येणारी. दोघीच असत्या तर रेचल पुढं जाऊन आरामात वेग ठरवत बसली असती आणि झेन्याटाला पकडायला वेगच मिळाला नसता. दहा घोडे पाहिजेत, तिघांनी पुढं भांडलं पाहिजे, मग झेन्याटा काय चीज आहे ते दिसतं. वीस रेसांत एकोणीस, आणि विसावी २०१० ला ब्लेमकडनं एका डोक्यानं.

शिवाजी_पेठ_एक्सप्रेस

समोरासमोरच पाहिजे असेल तर जपानला जावा. व्होडका आणि डायवा स्कार्लेट, दोघी एकाच वयाच्या. व्होडकानं २००७ ला जपानची डर्बी मारली, ६४ वर्षांनी पहिली घोडी. मग २००८ ची तेन्नो शो ही तिथली मोठी रेस, शरदातली, दोन हजार मीटर. डायवा स्कार्लेट पुढं, व्होडका बाहेरनं, मध्ये त्या सालचा डर्बीवाला डीप स्काय. तिघं एका रेषेत. डोळ्याला कळलंच नाही, फोटो बघायला दहा मिनिटांच्या वर गेली, आणि निकाल व्होडका, दोन सेंटिमीटरनं. रेकॉर्ड टाइम. डर्बीवाला घोडा तिसरा. दोन घोड्या एकमेकीत भांडत होत्या आणि घोडा मध्ये चेंगरला. यावर सवलत काढा बघू.

नाद_खुळा_०९

ताई दोन सेंटिमीटर तुमच्यात तुम्ही वाटून घ्या 🙏

मला एकच सांगा, घोडी हरली की तुम्ही म्हणता जागा मिळाली न्हाई, पाय मोडला, माज होता. घोडा हरला की मात्र सरळ हरला. जेन्युइन रिस्कचं पण तसंच, प्रीकनेसला कोडेक्सनं साफ मारलं, पावणेपाच लेंग्थ, आणि लोक अजून रडतात.

शिवाजी_पेठ_एक्सप्रेस

रडणार न्हाई तर काय! वळणावर ती बाहेरनं येत होती आणि कोडेक्सच्या जॉकीनं, कॉर्डेरोनं, त्याला मुद्दाम बाहेर नेला. तक्रार झाली, फेटाळली, ते राहू दे. पण ती तीनही क्लासिक पळाली. डर्बी पहिली, प्रीकनेस दुसरी, बेलमाँट दुसरी. किती घोड्यांना जमलंय हे?

रेसकोर्स_नाका

नाद खुळा, तुला हरलेल्या घोडीचीच रेस देतो, १९८८ ची प्रीकनेस. आधी डर्बीत विनिंग कलर्स पुढनं पळाली, फॉर्टी नायनर शेवटी अंगावर आला पण मानेनं कमी पडला. प्रीकनेसला फॉर्टी नायनरच्या गोटानं ठरवलं की हिला पुढं मोकळं सोडायचंच नाही. सुरुवातीपासून तो तिला चिकटला, तिला बाहेर रेटत नेलं, आणि आतल्या मोकळ्या जागेतनं रायझन स्टार निघून गेला. घोडी तिसरी आली. फॉर्टी नायनर सातवा. भरल्या मैदानात एका घोड्यानं मॅच रेस खेळली की काय होतं ते नीट बघ. पूर्ण व्हिडिओ बघ, शेवटची वीस सेकंद नव्हे.

नाद_खुळा_०९

बघितला. दोनदा. घोडी घोड्यापेक्षा भारी हे मला अजून मान्य न्हाई, ते तसंच ठेवा. पण त्या फॉर्टी नायनरवाल्यांनी आपल्याकडच्या मैदानात असं केलं असतं तर रात्री गाव सोडायला लागलं असतं. स्वतः सातवा येतोय आणि दुसऱ्याचं पण वाटोळं, हे कसलं ट्रेनिंग?